पिंपळनेरच्या माळावर एक लाल रेघ

खानदेशात थंडीत जाऊ नका, असं मला तिघांनी सांगितलं. आणि जायचंच असेल तर पोट रिकामं ठेवून जा, असं चौथ्यानं. पहिल्या तिघांचं ऐकण्यासारखी परिस्थिती नव्हती. चौथ्याचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

परिस्थिती अशी. १९८५च्या जानेवारीचा शेवट. मी रत्नागिरीत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि अंधार पडला की गच्चीवर दुर्बीण लावून बसते. पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसऱ्याबद्दल घरच्यांची बोलणी. एक दिवस मुंबईच्या मित्राचा कॉलेजात ट्रंककॉल आला. तो एवढंच म्हणाला, "भुजंगधारीतला तुमचा पाहुणा आलाय. निघा." मी फोनवरच किंचाळले. प्राचार्य धावत बाहेर आले. त्यांना वाटलं, माझ्या घरचं कुणीतरी गेलं.

हा पाहुणा म्हणजे भुजंगधारी तारकासमूहातला एक तारा. एरवी चांगल्या दुर्बिणीतूनही शोधावा लागतो इतका मंद. पण कधी नऊ वर्षांनी, कधी पंचवीस वर्षांनी तो एकाएकी शेकडो पटींनी उजळतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा मावळत जातो. याला पुनरावर्ती नवतारा म्हणतात. मुळात तिथे तारे दोन. एक म्हातारपणी फुगलेला, दुसरा आटून एवढासा झालेला. आटलेला शेजाऱ्याच्या अंगावरचा वायू ओढून घेतो, साठवत राहतो, आणि मग दूध उतू जावं तसं सगळं भसकन बाहेर येतं. पातेलं शाबूत राहतं. पुन्हा दूध साठायला लागतं.

त्या उतू गेलेल्या वायूचा उजेड लोलकातून पाहिला, की सातरंगी पट्टीवर ठिकठिकाणी झगझगीत रेघा दिसतात. त्यातली सगळ्यात दणकट असते ती हायड्रोजनची लाल रेघ. तो वायू तापून पेटलाय, याची ती सही म्हणा.

आणि ही लाल रेघ बघायची म्हणून एक माणूस सत्तावीस वर्षं थांबला होता. नाना. फैजपूरच्या बाजूच्या एका खेड्यातले निवृत्त विज्ञानशिक्षक. मी पाचवीत असताना मुलांच्या एका मासिकात ते ताऱ्यांवर लिहीत. मी एक आगाऊ प्रश्न विचारला, त्यांनी उत्तर दिलं, आणि तेव्हापासून आमची पोस्टकार्डं सुरू होती. भेट मात्र कधी झाली नव्हती. अठ्ठावन्न साली हा तारा उजळला तो ऐन पावसाळ्यात. नानांना ढगांशिवाय काही दिसलं नाही. सदुसष्ट साली उजळला तेव्हा घरात थोरल्या मुलीचा साखरपुडा. "पाहुणे पंगतीला आणि मी घराच्या धाब्यावर चढलेला, असं झालं असतं तर व्याह्यांनी सोयरीक मोडली असती," असं त्यांनी मला कळवलं होतं.

आता नाना बहात्तरीला आले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणत होते, अजून पिकला नाही, पिकला की काढू. पण तारा काही मोतीबिंदू पिकायची वाट बघत थांबणार नव्हता. त्यात चार-पाच दिवसांवर पौर्णिमा. तारा उगवायचा पहाटे. चंद्र एकदा पहाटेपर्यंत आकाशात राहू लागला, की मंद होत चाललेला हा पाहुणा त्या चांदण्यात बुडणार. पुढची खेप कधी, कुणाला ठाऊक! यंत्र माझ्याकडे होतं, लोलक बसवलेली नेत्रनळी मी स्वतः दोन वर्षं खटपट करून बनवली होती. मी रजा टाकली.

भुसावळ

माझी दुर्बीण म्हणजे तांबटआळीतल्या एका कारागिरानं पत्र्याची करून दिलेली पुरुषभर उंचीची नळी, तळाशी सहा इंची आरसा. प्रवासासाठी मी ती जुन्या गादीत गुंडाळून सुंभानं बांधली होती. भुसावळ स्टेशनवर हमालानं ती खांद्यावर घेताच गादी एका टोकानं सरकली आणि काळं तोंड बाहेर आलं.

एक हवालदार समोर उभा राहिला. जवळच वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना, त्यामुळे या भागात नळीच्या आकाराच्या वस्तूकडे लोक जरा आदरानं बघतात.

"बाई, ही तोफ कोनाची?"

"माझीच. तारे बघायची."

त्यानं गादी सोडवली, नळीत वाकून पाहिलं. तळच्या आरशात त्याला स्वतःची मिशी भलतीच मोठी होऊन दिसली. तो दचकून मागे झाला, मग पुन्हा वाकला, टोपी सारखी केली, आणि शेजारच्या दुसऱ्या हवालदाराला हाक मारली. दोघांनी आळीपाळीनं मिशा बघितल्या. मला जाऊ दिलं, वर गादी बांधूनही दिली. आमच्याकडच्या पोलिसांना मिशीचं एवढं अप्रूप नाही.

फैजपूरच्या बाजूला

मी कोकणातली. हिरवं रान मला नवीन नाही. पण केळीचं रान हे निराळंच प्रकरण आहे. आमच्याकडे केळ म्हणजे विहिरीजवळ चार खुंट. इथे एस.टी.च्या दोन्ही बाजूंना केळीच केळी, मैलोनमैल, मधे रस्त्यापुरती फट. बसमधून उतरून घर शोधत गेले तर अंगणात नाना उभे होते. धोतर, लोकरी टोपी, जाड चष्मा. त्यांनी माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे बघत हात जोडले.

"या. तुमचं अक्षर फार वाईट आहे," ते म्हणाले. "गेली पाच वर्षं तुमची कार्डं पुतण्याकडून वाचून घेतो. तोही वैतागलाय."

वीस-बावीस वर्षांच्या ओळखीनंतरचं हे पहिलं वाक्य. मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली.

पुतण्या म्हणजे भागवतभाऊ. घरची केळी तो बघायचा. त्याच्या बायकोला सगळे अक्का म्हणत; मीही म्हणू लागले. अक्कांनी माझी रवानगी थेट मळ्यात केली, कारण थंडीच्या दिवसांत पाहुणा आला आणि त्याला मळ्यात भरीत घातलं नाही, तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. वांगी हिरवी, पांढरट, नारळाएवढी. ती भाजायची पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांवर. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं नाव काढलं तर अक्कांनी कपाळाला हात लावला. मग लाकडी भांड्यात ठेचणं, वर तेलात तडतडलेल्या हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत पुऱ्या आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. मी दोन पुऱ्यांवर थांबले. सगळ्यांचे हात ताटावर थांबले.

"बरं नाही लागलं का?" अक्का हळूच म्हणाल्या.

आमच्याकडे पुरे म्हणजे पुरे. इथे पुरे म्हणजे आग्रहाला आता कुठे सुरुवात. मी आणखी चार पुऱ्या खाल्ल्या आणि मगच वातावरण निवळलं.

पहाटे चारला उठले. थंडी अशी, की दात एकमेकांना ओळखेनासे झाले. अंगणात दुर्बीण उभी केली. नानांना घोंगडी पांघरून खुर्चीत बसवलं. वर पाहिलं, सप्तर्षी झकास. पूर्वेकडे वळले, आणि तिकडे काहीच नव्हतं. डोंगर नाही, झाडं नाहीत, तारे नाहीत. दुधी रंगाची एक भिंत जमिनीवरून वर चढत होती आणि नाकाला ओल्या पालापाचोळ्याचा जळका वास येत होता.

"धूर," नाना शांतपणे म्हणाले. "मला वाटलंच होतं."

केळीला थंडी सोसत नाही. पारा फार उतरला, की पहाटे बागांच्या बांधावर ओला-सुका पाला पेटवून धूर करतात. तो धूर गोधडीसारखा बागेवर पसरतो आणि ऊब धरून ठेवतो. एका भागवतभाऊनं नव्हे, सगळ्या पंचक्रोशीनं धूर केला होता. आमचा तारा त्या गोधडीखाली कुठेतरी उगवला आणि तिथेच मावळला म्हणायचा.

सकाळी चहाच्या वेळी मी भागवतभाऊला स्पष्टच विचारलं. "भाऊ, उद्या एक पहाट धूर नाही केला तर? निदान पूर्वेच्या बांधाला?"

तो हसला नाही की रागावलाही नाही. बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "ताई, केयी म्हंजे तान्हं लेकरू हाये. थंडी बाधली का पानं करपता, घड फाटता. वरीसभराचं काम एका राती जातं. मी नही केला धूर, तरी शेजारचे करतीलच. आन् त्याहिले मी कोन्या तोंडानं नको म्हनू?"

"बरोबर आहे त्याचं," नाना म्हणाले. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या डावीकडे, वळून जरा कडक आवाजात, "तुम्ही पुन्हा हे विचारू नका. तारा माझा हट्ट आहे. केळी यांचं पोट आहे."

नानांनी मात्र अर्धा चहा तसाच ठेवून पेला दूर सारला. सत्तावीस वर्षं वाट पाहून तारा दारात यावा, आणि घरच्याच केळीनं त्याला झाकून टाकावं, आणि त्यावर रागावायचीही सोय नसावी. मला फार वाईट वाटलं.

तोडगा अक्कांनी काढला. भाकरी थापता थापता त्या आतून ओरडल्या, "पिंपयनेरच्या आबांकडे जा ना! तढी कोठी केयी हाये?"

धुळे

पिंपळनेरचे आबा म्हणजे नानांचे शिक्षक-प्रशिक्षणाच्या वेळचे सोबती. त्यांनी दोन वर्षांत खडू टाकला आणि शेती धरली. धुळे जिल्ह्याच्या पार पश्चिम टोकाला, साक्रीच्या पुढे, डोंगर सुरू होतात तिथे त्यांचा माळ. केळी नाही, धूर नाही, विजेचा दिवाही फारसा नाही. आबांना तार करून आम्ही लगेच निघालो. नाना, मी आणि टपावर गादीतली तोफ.

धुळ्याला गाडी बदलायची होती. मधल्या वेळात स्टँडजवळच्या खानावळीत शेवभाजी मागवली. मला वाटलं, भाजीवर शेव भुरभुरून येईल. आलं ते तिखटजाळ लालभडक रश्शात पोहणारी जाड शेव, हीच भाजी. पहिल्या घासाला कानातून वाफा निघाल्या. कोकणात आम्ही तिखटावर नारळाचं पांघरूण घालतो. इथे तिखटावर तेल घालतात आणि तेलावर पुन्हा तिखट. नाना मात्र शांतपणे जेवत होते. ताटात काय कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं. भाकरीच्या तुकड्यानं चाचपत होते.

"पदार्थ दिसत नसले, की चव जास्त कळते," ते म्हणाले. "तुम्ही ऑपरेशनचं विचारणार आहात ना? आधीच सांगतो. ते होईल. बरंही दिसेल म्हणतात. पण तोवर हा विझलेला असेल. मी तीस वर्षं फळ्यावर लाल खडूनं ती रेघ काढली. एका पोरानं एकदा विचारलं, गुरुजी, तुम्ही बघितली का हो? मी म्हटलं, प्रयोगशाळेतल्या नळीत बघितली. तो म्हणाला, नळीतली नाही, वरची." नानांनी भाकरीचा तुकडा मोडला. "हुशार होता कार्टा."

मी रस्सा पुन्हा मागवला. तेवढाच डोळे पुसायला कारण.

पिंपळनेर

साक्रीनंतर रस्ता चढू लागला. उसाच्या गाड्या, कांद्याची शेतं, मग बोडके माळ आणि पश्चिमेला सह्याद्रीची दातेरी कड. आबा स्टँडवर बैलगाडी घेऊन आले होते. उंच, काटक, कानात बाळ्या. नानांना त्यांनी लहान पोराला उचलावं तसं गाडीत चढवलं.

"काय रे मास्तर, म्हतारा व्हयी गया तू!"

"आणि तू?"

"मी व्हतूच!"

संध्याकाळी अंगणात शेजारपाजार जमला. दुर्बिणीची बातमी आमच्याआधी पोचली होती. एकानं विचारलं, इथे बसून इतक्या लांबचं काय कळतं? मी मास्तरीणच, सुरू झाले. म्हटलं, उजेडाला लोलकातून काढलं, की तो कुठल्या वायूतून आला ते सांगतो. दिसणारा उजेड आणि रेडिओच्या लहरी मिळून तर आपल्या आकाशगंगेबाहेरच्या, दूरदूरच्या दीर्घिकांमधले रेणूसुद्धा ओळखता येतात. तिथे पाण्याची वाफ सापडलीय. अमोनिया सापडलाय.

"अमोनिया? खतना वास येस तो?" आबांनी डोळे मोठे केले. "म्हंजे तठे बी कोणी तरी युरिया टाकी राहिना!"

सगळे हसले. मी भरात येऊन सांगून टाकलं, की आपल्या आकाशगंगेतल्या काही ढगांत चक्क दारूचे रेणू आहेत, समुद्रच्या समुद्र भरतील इतके. मग मागून एक आवाज आला, "बाई, रस्ता कोन्ता शे?" आबांच्या बायकोनं त्या दिशेला लाटणं दाखवलं.

पहाटे आम्ही माळावर गेलो. आणि काय सांगू! असं आकाश मी कोकणात कधी पाहिलं नव्हतं. समुद्राची दमट हवा नाही, धूळ नाही. चंद्र पश्चिमेच्या डोंगराआड गेला आणि पूर्वेला वृश्चिकाची नांगी अख्खी उभी राहिली. डावीकडे वर भुजंगधारी. मी नकाशा पाहून दुर्बीण वळवली, आणि सापडला! लालसर, ठिणगीसारखा. लोलकाची नळी बसवत होते, एवढ्यात माझ्या पाठीमागे भक्कन उजेड झाला.

आबांनी शेकोटी पेटवली होती. साधीसुधी नव्हे, पऱ्हाट्यांचा बैलगाडीभर ढीग. पाहुणी बाई आणि दोस्त मास्तर उघड्या माळावर कुडकुडताहेत, हे त्यांना बघवलं नाही. पाठोपाठ दोन पेट्रोमॅक्स आले, चहाचं भगुणं आलं, आणि शालीत गुंडाळलेलं निम्मं गाव आलं. सगळे हसत, हात शेकत, आमच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले.

"आते बरं वाटस ना ताई?" आबा म्हणाले.

मी नानांना नळीपाशी नेलं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. मोतीबिंदूच्या डोळ्यात समोरचा उजेड धुक्यासारखा पसरतो. त्यांना दिसत होती ती फक्त शेकोटी, सगळ्या बाजूंनी. "पिवळं पिवळं दिसतंय," ते म्हणाले. "हाच का तो?"

खरं बोलणं जिवावर आलं. "नाही नाना," मी म्हटलं. तोवर पूर्व उजळलीही होती.

मी चिडले होते. मनात आलं, या माणसांच्या प्रेमाला दाराबाहेर ठेवायची काही युक्ती असती तर! सकाळी न्याहारीला मी आबांना जमेल तितक्या गोड शब्दांत सगळं सांगितलं. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. एक काडी पेटली तरी ती सवय मोडते. गरम हवेनं तारा लुकलुकतो. आणि उद्याची पहाट शेवटची. चंद्र मावळणं आणि उजाडणं यांच्या मधे उद्या जेमतेम थोडा वेळ आहे, परवा तेवढाही नाही.

आबांचा चेहरा पडला. घास ताटात तसाच राहिला. "म्हंजे मीच इझाडा त्याना तारा?"

"तुमले कोनी सांगं नव्हतं," आबांची बायको म्हणाली.

"पाहुणा थंडीमा बसेल आन् मी शेकोटी नही करू? असं कधी व्हयेल शे का?" ते उठून गेले. दिवसभर दिसले नाहीत. नाना म्हणाले, "रुसलाय. संध्याकाळपर्यंत येईल." संध्याकाळीही आले नाहीत.

शेवटच्या पहाटे मी नानांना हात धरून माळावर नेलं. चंद्र अजून डोंगराच्या कडेवर होता. त्याच्या फिकट उजेडात मला माळावर ओळीनं काळे ढिगारे दिसले. जवळ गेल्यावर कळलं, ती माणसं होती. घोंगड्या, गोधड्या, शाली डोक्यावरून घेतलेली तीस-चाळीस माणसं, बायका-मुलंसुद्धा. शेकोटी नाही, कंदील नाही, कुणाच्या हातात बिडीचा ठिपकाही नाही. सगळे वाऱ्याच्या बाजूला पाठ करून, दुर्बिणीला आडोसा होईल असे बसले होते.

"बठ्ठा गावले सांगी ठेयेल शे," अंधारातून आबांचा आवाज आला. "काडी पेटाडी तं मन्हासंगे गाठ शे. मास्तर, तू देख."

चंद्र गेला. अंधार उतरला. मी तारा लावला, लोलक लावला, स्वतः पाहिलं. पट्टी दिसली, पट्टीवर रेघा. मग नाना. मी कानाशी कुजबुजले, "आधी डावीकडे निळसर-हिरवी बघा. डोळ्याला तीच आधी सापडते." पुस्तकांत तसंच लिहिलेलं असतं.

नाना बघत राहिले. "काही नाही," ते म्हणाले. "काळं आहे."

"जरा थांबा. डोळा किंचित हलवा."

"काही नाही हो."

मी पुन्हा पाहिलं. रेघ होती, ठळक होती. आबांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला आणि श्वास आत ओढला. "माय वो! मोरनी मान शे ही. निळी!"

"मला नाही दिसत," नाना म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी घोंगडी सारखी केली. "असू द्या. याला दिसली ना? पुरे."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मोतीबिंदूचं भिंग पिवळट, तपकिरी होत जातं. ते आधी निळं गिळतं, मग हिरवं. मी शहाणी त्यांना नेमक्या त्याच टोकाला पाठवत होते. पूर्वेची कड करडी व्हायला लागली होती. मी त्यांचे खांदे धरले, जवळजवळ ओढलेच. "नाना, निळी सोडा. पट्टीच सोडा. पार उजव्या टोकाला जा. तिथे काही आहे का?"

नाना वाकले. एक पोर रडायला लागलं, त्याला आईनं गोधडीत ओढून घेतलं.

नानांनी डावा हात हळूच उचलला आणि हवेत वरून खाली एक रेघ ओढली.

"लाल," ते म्हणाले. मग, "बाकी सगळं काळं. एकटी लाल."

मला हुंदका आला आणि मी तो दाबला नाही. आबा विचारत होते, काय झालं, दिसलं का? मी नुसती मान हलवत होते, आणि अंधारात मान हलवलेली कुणाला दिसणार!

पुढे उजाडत गेलं. तारा फिका झाला असणार, रेघही. इतक्या थंडीत बसलेल्या त्या माणसांपैकी प्रत्येकाला एकदा तरी बघायचं होतं, म्हणून तर ती आली होती. पण नाना डोळा काढेनात. एक म्हातारी उठून जवळ आली, नानांच्या पाठीकडे क्षणभर बघत उभी राहिली, आणि स्वतःची घोंगडी त्यांच्या खांद्यांवर टाकून परत आपल्या जागी जाऊन बसली. लख्ख दिवस झाला, गुरं माळावर आली, दुर्बिणीत निळ्या आकाशाशिवाय काही उरलं नसणार, तरी कुणी नंबर मागितला नाही.